विदूषक माशाचे रंग : रक्तांतील व संगोपनांतील

आमच्या हिवरे बाजारास समुद्राचा वारा लागत नाहीं. गांव अवर्षणाच्या पट्ट्यांतील. दरवर्षीं पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडणारें व उंसाचा मोह गांवाच्या ठरावानें सोडलेलें. अशा गांवांतून खाऱ्या पाण्यांतील माशांवर लेख यावा याचें कित्येक सभासदांस नवल वाटेल. परंतु प्रस्तुत प्रश्न माशांचा म्हणण्यापेक्षां पैदाशीचा आहे. वळू, बोकड, कोंबडा किंवा बियाणें निवडतांना जी चूक आपल्या हातून होते, तीच या माशांत थोडक्या महिन्यांत व डोळ्यांदेखत दिसून येते. त्या चुकीपायीं आमच्या घरचे पैसे गेले आहेत, म्हणून याविषयीं चार शब्द लिहिण्याचें धाडस करतों.

विदूषक मासा, ज्यास बाजारांत क्लाऊन फिश म्हणतात, तो बोटाएवढा, नारिंगी वर्णाचा असून त्याच्या अंगावर तीन पांढरे पट्टे असतात. समुद्रांत तो समुद्रफूल नांवाच्या दंश करणाऱ्या प्राण्याच्या आश्रयास राहतो. घरोघरीं पाळली जाणारी ओसेलारिस ही जात आपल्या अंदमानच्या समुद्रांतही आढळते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें दक्षिणेंत विदूषक माशांची पैदास बंदिस्त टाक्यांत करून दाखविली आहे, आणि आपल्या राज्यांत ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रांत मँग्रोव्ह फाउंडेशननें अशाच शोभेच्या माशांचें उबवणी केंद्र चालविलें आहे. तेव्हां हा केवळ शहरी श्रीमंतांचा छंद राहिलेला नाहीं.

या माशाचा संसार विलक्षण आहे. प्रत्येक मासा प्रथम नर असतो. कळपांतील सर्वांत मोठा मासा मादी होतो व ती मेली तर तिचा नरच पुढें मादी बनतो! म्हणून कोणतेही दोन लहानमोठे मासे एकत्र ठेवले तर बहुधा जोडी जमते. मादी सपाट दगडावर किंवा मातीच्या कुंडीच्या अंगावर शेंकडों अंडीं चिकटविते, नर त्यांस परांनीं वारा घालतो. पाणी २७-२८ अंश उष्ण असलें म्हणजे सातआठ दिवसांनीं, दिवा मालविल्यावर अंधारांत, पिलें बाहेर पडतात. तीं कांचेसारखीं पारदर्शक असतात. त्यांस आरंभीं रोटीफर नांवाचे सूक्ष्म जीव व पुढें आर्टेमियाचीं नुकतीं निघालेलीं पिलें चारावीं लागतात. दहाबारा दिवसांच्या सुमारास डोक्यामागील पट्टा उमटूं लागतो, मग मधला, शेवटीं शेपटीचा. हे दहापंधरा दिवसच आपल्या प्रश्नाचें मूळ आहेत.

आमचा पुतण्या कृषिविषयक पदवी घेऊन घरीं आला व त्यानें ओसरीच्या आंतल्या खोलींत २०० लिटरची कांचेची टाकी मांडली. दुधाच्या पगारांतून साठविलेले पैसे मोडून त्यानें एका व्यापाऱ्याकडून अंडीं घालणारी जोडी आणली. दोन्ही माशांस मधला पट्टा नव्हता. व्यापाऱ्यानें तीं एकाच खेपेचीं भावंडें असल्याचें सांगितलें व साध्या जोडीच्या कितीतरी पट दर घेतला. "काका, पट्टा कमी असलेला मासा दुर्मिळ असतो. याचीं पिलें हातोहात जातील," असें तो म्हणाला. आम्हीं विचारलें, "याची नोंद कोठें आहे?" तो हंसून म्हणाला, "माशाचा काय सातबारा असतो, काका?"

आम्ही महसूल खात्यांत कारकुनी केली. तलाठ्यानें फेरफार लिहिला तरी मंडल अधिकाऱ्याची सही होईपर्यंत त्या नोंदीस कांहीं किंमत नाहीं, हें आमच्या हाडीं मुरलेलें. म्हणून आम्हीं एक जुनी वही घेऊन प्रत्येक खेपेची तारीख, खाद्य, पाण्याची उष्णता आणि मेलेलीं व जगलेलीं पिलें यांची नोंद ठेवावयास प्रारंभ केला. पुतण्यास तेव्हां ती म्हातारपणाची लहर वाटली.

पहिल्या खेपेचीं सर्व पिलें तीन पूर्ण पट्ट्यांचीं निघालीं. दुसऱ्या खेपेचींही तशींच. तिसऱ्या खेपेच्या वेळीं पिलें पांच दिवसांचीं असतां रोटीफरचें विरजण नासलें आणि दोन दिवस त्यांची उपासमार झाली. पुष्कळ मेलीं, जीं वांचलीं त्यांतील बऱ्याच जणांचा मधला पट्टा अर्धवट होता किंवा मुळींच नव्हता. पुतण्या आनंदानें ओरडला, "काका, रंग उतरला!" आम्हीं वही पुढें केली. चौथ्या खेपेस खाद्य भरपूर होतें आणि पिलें पुन्हां साध्या तीन पट्ट्यांचीं निघालीं. एका खेपेवरून सिद्धान्त बांधूं नये हें खरें. तथापि दोन्ही आईबापांत तीच उणीव असून तीन खेपांतील एकाही पिलांत ती न उतरणें याचा सरळ अर्थ, ती उणीव रक्तांतील नसून बाळपणींच्या हालांची खूण होती, असाच होतो.

या अनुभवास शास्त्राचाही आधार आहे. पापुआ न्यू गिनींतील किंबे उपसागरांत परक्यूला जातीच्या पिलांवर केलेलें एक संशोधन २०२१ सालीं प्रसिद्ध झालें. तेथें एका प्रकारच्या, गालिचासारख्या पसरट समुद्रफुलांत वाढणाऱ्या पिलांचे पट्टे दुसऱ्या प्रकारच्या फुलांतील पिलांपेक्षां लवकर उमटतात असें दिसलें, आणि त्यांच्या अंगांत थायरॉइड ग्रंथीचा रस अधिक आढळला. हा रस वरून दिला असतांही पट्टे लवकर येतात. म्हणजे पट्टा उमटणें हें पिलाच्या भोंवतालच्या परिस्थितीशीं जोडलेलें आहे. आपण मिठांत आयोडीन घालतों तें याच ग्रंथीकरितां, हें वाचकांच्या ध्यानांत येईलच. नारिंगी रंगाचेंही तसेंच आहे. तो रंग मासा स्वतः तयार करूं शकत नाहीं, खाद्यांतून घेतो. मका व हिरवा पाला खाणाऱ्या कोंबडीच्या अंड्याचा बलक गडद पिवळा होतो, म्हणून ती कोंबडी निराळ्या जातीची ठरत नाहीं.

मग रक्तांतील रंग नाहींतच काय? आहेत, आणि चांगले आहेत. परक्यूला जातींत पिकासो म्हणून एक प्रकार आहे. त्याचे पांढरे पट्टे वेडेवांकडे पसरलेले असतात. दोन पिकासो जोडले तर शंभरांतील सुमारें २५ पिलें जवळजवळ सबंध पांढरीं निघतात, त्यांस प्लॅटिनम म्हणतात. ५० पिकासो व २५ साधीं. अँडालुशियन कोंबडीच्या निळ्या रंगाचा हिशेब ज्यांनीं वाचला आहे त्यांस हें प्रमाण ओळखीचें वाटेल. ओसेलारिसमधील स्नोफ्लेक साध्या माशाशीं जोडला असतांही सुमारें निम्मीं पिलें त्याच्यासारखीं होतात. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस डार्विनकडे काळी ओसेलारिस आहे, ती तर निसर्गानेंच घडविलेली. तिचीं पिलें मात्र लहानपणीं तांबूस असतात व वयाबरोबर काळीं पडतात. म्हणून घाईनें पारख करणारा येथें हमखास फसतो.

सर्वांत बोधप्रद उदाहरण लाइटनिंग मरून या माशाचें. २००८ सालीं पापुआ न्यू गिनीच्या समुद्रांत एक गर्द तांबडा मासा सांपडला. त्याच्या अंगावरचे पट्टे विजेसारखे फांटे फुटलेले होते. असाच दुसरा मासा २०१० सालीं मिळाला, तो अमेरिकेंत डुलुथ गांवीं मॅट पेडरसन या गृहस्थांच्या घरच्या टाकींत आला. डुलुथ हेंही आमच्याप्रमाणें समुद्रापासून दूर, शिवाय बर्फाचें. हा रंग रक्तांतील कीं अपघाताचा, याचें उत्तर कोणासही ठाऊक नव्हतें. त्यांनीं त्याच समुद्रांतील साध्या पट्ट्यांच्या माशाशीं जोडी जमविली व २०१२ सालीं पिलें वाढविलीं. सुमारें निम्म्या पिलांत तो रंग आला. येथें फेरफारावर सही झाली असें आम्ही म्हणूं. दोन वर्षें तो गृहस्थ थांबला, हेंच आम्हांस विशेष वाटतें.

यावरून पैदास करणाऱ्यानें काय करावें? विलक्षण मासा प्रथम चांगल्या साध्या माशाशीं जोडावा. पहिल्या पिढींत रंग दिसला तर तो रक्तांतील आहे याची बहुतेक खात्री झाली. न दिसला तर मात्र लगेच निकाल देऊं नये, कारण कित्येक गुण एक पिढी दडून राहतात. त्या साध्या दिसणाऱ्या पिलांतील एक विलक्षण आईशीं किंवा बापाशीं पुन्हां जोडून पाहावें. गुण दडलेला असेल तर निम्म्या पिलांत तो वर येईल. मोजणी सर्व खेपेची करावी. आपल्यास आवडलेल्या चार पिलांची नव्हे. आणि दोन खेपांचें खाद्य व पाणी सारखें नसेल तर त्यांची तुलनाच करूं नये. रंगाच्या लोभानें भावंडांतच पिढ्यान् पिढ्या पैदास केली असतां कल्ल्यांचीं झांकणें आंखूड व जबडे वांकडे झालेलीं पिलें निघूं लागतात. तीं कितीही रंगीत असलीं तरी पैदाशीस ठेवूं नयेत. खिल्लाराच्या शिंगांवर भाळून त्याचे खूर न पाहणारे खरेदीदार आम्हीं बाजारांत पुष्कळ पाहिले आहेत.

एक गोष्ट आमच्यासारख्या कोरडवाहू गांवांकरितां निराळी सांगावी लागते. समुद्राच्या पाण्यांत लिटरमागें सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. आमच्या टाकींतच ७ किलो झाले. आठवड्यास २० लिटर पाणी बदललें तर वर्षाकांठीं ३६ किलोंवर क्षार बाहेर पडतात. पुतण्या आरंभीं तें पाणी परसांतील लिंबाच्या आळ्यांत ओतीत असे; त्याचीं पानें कडेनें करपलीं तेव्हां आम्हीं तें बंद केलें. आतां तें पाणी गच्चीवर पसरट परातींत वाळवितों व खालीं राहिलेला क्षार पोत्यांत भरून ठेवतों. विहिरीजवळ किंवा शेतांत असें पाणी कोणीही टाकूं नये. जेथें पाण्याचा थेंब न् थेंब हिशेबांत धरलेला आहे तेथें तर मुळींच नाहीं.

व्यापाऱ्याकडे पैसे परत मागावे असें पुतण्याच्या मनांत होतें, पण पावतीवर केवळ "मासे २" एवढेंच लिहिलेलें होतें. तीन पट्ट्यांचीं पिलें साध्या दरानें नगरास गेलीं. त्यांतून खाद्याचा खर्च निघाला, जोडीची किंमत निघाली नाहीं. तिसऱ्या खेपेंतील बिनपट्ट्यांचीं दोन पिलें आम्हीं निराळ्या टाकींत राखून ठेवलीं आहेत. तीं एकमेकांशीं जमलीं असून अद्याप अंडीं घातलेलीं नाहींत. घातल्यावर पिलांची मोजणी याच मासिकांतून कळवूं.