चाकाचे फेरे मोजून चौफुली साधणे : टोकणयंत्रासाठी स्पंदगणना

वऱ्हाडातील कास्तकारास कपाशीची चौफुली लागवड नव्याने सांगावयास नको. शेतात उभ्या व आडव्या रेघा पाडावयाच्या आणि जेथे फुली पडेल तेथे बी टोबावयाचे, म्हणजे पुढे डवरा दोन्ही बाजूंनी फिरतो व निंदणाचा खर्च बराच वाचतो. परंतु या कामास माणसे फार लागतात, आणि मृगाचा पाऊस झाल्यावर सर्वांचीच घाई एकदम सुरू होत असल्यामुळे ती वेळेवर मिळत नाहीत. टोकणयंत्राने ओळीतील अंतर बऱ्यापैकी राखले जाते. पण शेजारच्या तासातील झाड समोरासमोर येईल याची हमी साधे यंत्र देत नाही. अमेरिकेतील मक्याच्या शेतांत एकोणिसाव्या शतकापासून यासाठी ठराविक अंतरावर गाठी असलेली तार शेतभर ताणीत असत. प्रत्येक गाठ यंत्राचा खटका उडवी व तेथे बी पडे. आज तारेचे हे काम थोड्या खर्चात चाकाचे फेरे मोजून करता येते. ते कसे, व त्यात चुका कोठे होतात, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी समजून घ्यावे म्हणून हा पाठ लिहिला आहे.

बैलगाडीच्या चाकाच्या एका आऱ्यास फडके बांधून फेरे मोजले तर रस्त्याची लांबी निघते, हे तत्त्व सर्वांस ठाऊक आहे. एन्कोडर हे असेच फडके होय; मात्र ते एका फेऱ्यात एकदा न दिसता शेकडो वेळा दिसते. त्याच्या आत बारीक चिरा असलेली चकती असते. एका बाजूने प्रकाश पडतो व चीर समोर आली की दुसऱ्या बाजूस विजेचा एक स्पंद मिळतो. बाजारात सहज मिळणारा एन्कोडर एका फेऱ्यास ६०० स्पंद देतो. त्यास ‘अ’ व ‘ब’ अशा दोन संकेततारा असतात व त्यांचे स्पंद एकमेकांपासून पाव आवर्तनाने मागेपुढे असतात. कोणता आधी आला यावरून चाक पुढे गेले की मागे, हे कळते.

‘अ’ तारेचा केवळ चढ मोजू नये. बैल थांबले असता यंत्र थोडे हलतेच; त्या हालचालीत चकतीची कड प्रकाशापुढे येते-जाते आणि चाक जागेवर असूनही आकडा वाढत राहतो. चढ व उतार दोन्ही मोजून प्रत्येक वेळी ‘ब’ची स्थिती पाहिली, तर पुढची मोजणी मागच्या मोजणीने आपोआप वजा होते. याप्रमाणे एका फेऱ्यास १२०० गणना मिळतात.

आता हिशेब पाहू. जमिनीवरून फिरणाऱ्या चाकाचा व्यास ४० सें.मी. धरला तर परीघ १२५.६६ सें.मी. होतो. त्यास १२०० ने भागले असता एका गणनेस सुमारे १.०५ मि.मी. अंतर येते. बैलजोडी ताशी अडीच किलोमीटर चालली तर सेकंदास सुमारे ६६० गणना होतील. मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे मोजणी करणाऱ्या लहान संगणक-चिपला, हा वेग काहीच नाही. मात्र स्पंदाची तार त्याच्या इंटरप्टच्या टोकास जोडली पाहिजे. इंटरप्ट म्हणजे हातातील काम सोडून आधी हाक ऐकण्याची सोय. आर्डुइनो उनो या पाटीवर २ व ३ क्रमांकांची टोके त्यासाठी आहेत. एकावर जमिनीवरील चाकाची ‘अ’ तार जोडावी व दुसऱ्यावर बियांच्या चकतीच्या एन्कोडरची.

येथे स्वतःची एक चूक सांगणे उपयोगाचे होईल. अकोल्यास जठारपेठेत राहत असता मी हे यंत्र प्रथम जुळविले व घरासमोरील गल्लीत २० मीटर ओढून पाहिले. बी बरोबर साठ सें.मी.वर पडले. त्या भरवशावर जूनमध्ये बोरगाव मंजूकडील एका कास्तकाराच्या शेतात ते नेले. तास शंभर मीटरांचे होते. चार तास झाल्यावर तो म्हणाला, “साहेब, बी तं चाड्यातच हाये.” माती उकरून पाहिली. प्रत्येक तासात पहिल्या पस्तीस मीटरांच्या सुमारास बी होते व पुढे काहीच नव्हते. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही सर्वांनी मिळून उरलेली जागा हाताने टोबून काढली. आठ दिवसांनी उगवण पाहून हे कळले असते तर नांग्या भरण्यात हंगाम गेला असता, आणि ते नुकसान माझे नव्हे, त्याचे झाले असते.

दोष यंत्रात नव्हता. गणना साठविण्यासाठी मी जो अंकप्रकार निवडला होता, त्यात ३२,७६७ पलीकडे आकडा मावत नाही. त्यानंतर तो एकदम उणे ३२,७६८ होतो. ३२,७६७ गणना म्हणजे सुमारे ३४ मीटर, चाक थोडे घसरल्यास आणखी एक-दोन मीटर. पुढे यंत्राच्या मते आपण धुऱ्याच्या कितीतरी मागे होतो, म्हणून ते बी सोडीना. गल्ली वीस मीटरांची असल्याने हे दिसले नाही. यासाठी ३२ बिटांचा अंक घ्यावा. तो दोन हजार किलोमीटरांहून अधिक पुरतो. मात्र ही चिप आठ बिटांची असल्याने असा अंक चार तुकड्यांनी वाचते. १९९ चे २०० होत असता पहिला अंक जुना व बाकीचे नवे वाचले तर १०० दिसेल, तसाच घोटाळा येथे होतो. म्हणून आकडा वाचताना क्षणभर इंटरप्ट बंद ठेवून लगेच चालू करावा.

दुसरी चूक अपूर्णांकाची. साठ सें.मी. म्हणजे ५७२.९६ गणना. अपूर्णांक सोडून ५७२ धरल्यास दर फुलीस एक मि.मी. कमी पडतो. एक मि.मी. कोण पाहतो? पण शंभर मीटरांच्या तासात १६६ फुल्या असतात व शेवटी सुमारे १७ सें.मी. फरक होतो. लांबी कमी-जास्त असलेल्या तासांत चौफुली मोडते ती अशी. उपाय सोपा आहे. मागील फुलीपासून न मोजता प्रत्येक फुलीचे स्थान तासाच्या आरंभापासून काढावे, म्हणजे चूक साचत नाही.

बियांच्या चकतीस बारा खाचे असून तिच्या एन्कोडरवरही १२०० गणना मिळतात; म्हणजे एका खाच्यास १०० गणना पडतात. फुली आली की चकतीचे लक्ष्य १००ने वाढवावे. लक्ष्य व सद्यःस्थिती यांतील अंतर जितके जास्त तितकी मोटारीस वीज जास्त, व अंतर घटेल तशी कमी द्यावी. पूर्ण विजेने फिरवून लक्ष्यावर एकाएकी बंद केल्यास चकती वेगाच्या भरात पुढे जाते व दुसरे बीही पडते. उलट फार थोड्या विजेने मोटार घर्षणामुळे हलतच नाही. म्हणून किमान किती वीज लागते ते बी भरलेल्या चाड्यावरच ठरवावे. तीन गणनांच्या आत आल्यावर मोटार थांबवावी, नाहीतर ती मागेपुढे थरथरत राहील. वीज गेली की हा एन्कोडर आपले स्थान विसरतो. याकरिता चकतीवर एक लोहचुंबक व समोर खटका बसवून सुरुवातीस शून्य जागा शोधून घ्यावी. अनेक एन्कोडरांच्या तारांना स्वतःचा दाब नसतो. त्यांस पाच व्होल्टकडे ओढणारा रोध लावावा लागतो. संकेताच्या तारा मोटारीच्या तारांपासून दूर ठेवाव्यात.

सर्वांत मोठा प्रश्न आपल्या काळ्या जमिनीचा आहे. ओलीत चाक न फिरता घसरते, आणि चाकास एक सें.मी. चिखल चढला तर व्यास ४२ होऊन परीघ पाच टक्के वाढतो. दोन्ही कारणांनी गणना कमी होते व झाडे दूर पडतात. म्हणून कागदावरील परिघावर विसंबू नये. त्याच शेतात, त्याच ओलीत ५० मीटर मोजून यंत्र ओढावे. हिशेबाप्रमाणे ४७,७४६ गणना हव्यात. समजा ४५,३५९ आल्या. तर एका गणनेस १.१० मि.मी. धरावे. हा फरक न केल्यास साठऐवजी सुमारे ६३ सें.मी. अंतर पडेल. चाकास चिखल खरवडणारी पट्टी अवश्य लावावी. दुपारी जमीन सुकल्यावर मोजणी पुन्हा करावी.

तासाच्या आरंभी धुऱ्यावर दोरी ताणून, चाक दोरीवर येताच कळ दाबून गणना शून्य करावी. परतीच्या तासात मात्र एक गोष्ट विसरू नये. हुकूम सुटल्यापासून बी जमिनीवर पडेपर्यंत पाव सेकंद लागला तर तेवढ्यात यंत्र १७ सें.मी. पुढे जाते. जाताना बी एका बाजूस सरकते व येताना दुसऱ्या बाजूस. म्हणून दोन तासांत ३५ सें.मी. तफावत पडून झाडे समोरासमोर न येता मधोमध येतात. यासाठी बी तेवढे आधी सोडावे लागते. किती आधी, ते पाहण्यास चार-पाच तास मातीने न बुजवता ओढावेत व बी फुलीपासून कोठे पडले ते पट्टीने मोजावे.