वैरणीसाठी गाडी घेताय? आधी हे बघा

ताईंनो, वैरणीचा भारा डोक्यावर वाहून मान-कंबर कशी धरते, हे मी तुम्हाला सांगायला नको. आता तर मुरघासाच्या ५०-५० किलोच्या बॅगा येतात. त्या डोक्यावर घेऊ नका आणि फरफटतही नेऊ नका. प्लॅस्टिक फाटलं की हवा शिरते, मुरघासाला बुरशी लागते. असा मुरघास जनावराला घालू नये. बारीक भोक दिसलं तर लगेच चिकटपट्टी लावा.

गटाच्या कर्जातून हातगाडी घ्यायची असेल, तर आधी आपली वाट बघा. पाटणकडच्या अरुंद बांधावर एकचाकी गाडी जाते, पण तोल आपल्यालाच सांभाळावा लागतो. जत-आटपाडीकडच्या सपाट रानात दोनचाकी बरी. चाक मोठं आणि हवेचं घ्या, मऊ मातीत कमी रुततं. ओझं चाकावर यावं, हातावर नाही. गोठ्याच्या दाराची रुंदी सुतळीने मोजून दुकानात न्या.

रिकामी गाडी सगळ्यांनाच हलकी वाटते. जी रोज ढकलणार, तिनेच ती भरून चालवून बघावी. मगच पैसे द्या.