नाण्यावरील दुहेरी अक्षरे

विशेष चकचकीत केलेल्या ठशांनी संग्राहकांसाठी पाडलेल्या नाण्यास ‘प्रूफ’ नाणे म्हणतात. अमेरिकेतील फिलाडेल्फिया टाकसाळीने १९६१ साली पाडलेल्या अर्ध्या डॉलरच्या काही प्रूफ नाण्यांवर, घंटेच्या चित्राशेजारील ‘ई प्लुरिबस युनम’ म्हणजे ‘अनेकांतून एक’ हे लॅटिन ब्रीदवाक्य दुहेरी उमटलेले दिसते.

हा दोष कसा निर्माण झाला? त्या काळी उठावाचा मूळ साचा पोलादी ठशावर दाबून आकृती उमटवीत. एका दाबात ती पूर्ण उमटत नसे. म्हणून ठसा तापवून मऊ करीत व साचा पुन्हा दाबीत. दुसऱ्या वेळी दोन्ही नेमके जुळले नाहीत, तर ठशावर अक्षराला लागूनच दुसरे अक्षर उमटे. मग त्या ठशाने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर तोच दोष उतरे.

परंतु दुहेरी दिसणारे प्रत्येक अक्षर या प्रकारचे नसते. नाणे पाडताना सैल झालेला ठसा हलला, तर अक्षराची कड चेपून सपाट पायरी तयार होते. अशा नाण्यास संग्राहक विशेष मोल देत नाहीत. ठशातच दोष असल्यास दोन्ही अक्षरे उठावदार असतात व त्यांच्या टोकांशी खाच दिसते. हा भेद न जाणणारा ग्राहक सहज फसतो.

पाठगत प्रश्न : दोष ठशातील आहे की नाणे पाडताना घडलेला, हे कोणत्या खुणांवरून ओळखाल?