द्राक्षाची परीक्षा

सांगलीकडील तासगांवच्या बागेंतला द्राक्षाचा घड आपल्या डोळ्यांस निर्मळ दिसतो. परंतु फवारलेल्या औषधाचा अंश त्यावर उरला आहे कीं नाहीं, हें डोळ्यांस कळत नाहीं. ज्या औषधास निराळी मर्यादा नाहीं, त्याचा अंश युरोपांत किलोमागें ०.०१ मिलिग्रॅमपर्यंतच चालतो. म्हणजे एक लक्ष किलो द्राक्षांत अवघा एक ग्रॅम! २००३ सालीं अशा अंशांपायीं भारतीय द्राक्षें तेथें नाकारलीं गेलीं.

हा अंश शोधावा कसा? फळांच्या लगद्यांतून तो द्रावकांत उतरवितात. त्या द्रावणाच्या थेंबाची वाफ करून ती वायूच्या प्रवाहाबरोबर केसासारख्या बारीक नळींतून सोडितात. शाळा सुटल्यावर साताऱ्याच्या बाजारांतून जातांना जो मुलगा दुकानांपुढें रेंगाळतो, तो घरीं उशिरां पोहोंचतो. तसाच नळीच्या लेपास अधिक चिकटणारा पदार्थ मागाहून बाहेर पडतो. मग इलेक्ट्रॉनांच्या माऱ्यानें त्याचे रेणू फोडून, तुकड्यांच्या वस्तुमानांवरून आम्ही तो ओळखतों.

नळी आखूड व अधिक बारीक करून लवकर तापविली, तर अर्ध्या तासाचें काम थोड्या मिनिटांत होतें. मात्र अशा नळींत नमुना थोडा मावतो व पदार्थ क्षणांत निघून जातो. म्हणून मोजणारें यंत्र चपळ व सूक्ष्मग्राही लागतें.

ही घाई व्यर्थ नव्हे. निर्यातीचा नमुना तोडणीपूर्वीं घेतात. निकाल येईपर्यंत घड वेलीवर राहतो, आणि एक अवकाळी पाऊस वर्षाची कमाई नेतो. तथापि यंत्र दोष दाखवितें, घालवीत नाहीं. फवारणीनंतर नेमलेले दिवस थांबणें, हें बागाइतदाराच्याच हातीं आहे.