लाकडात लाकूड बसवताना



तान्ह्या पोळ्याला आपल्या बोरगावात ज्या लाकडी बैलजोड्या निघतात, त्यांतल्या काही आजोबांच्या वेळच्या असतात. चाके दोनदा बदललेली, एका शिंगाचे टोक उडालेले, पण बैल तोच. आमच्या घरी असा एक बैल आहे. त्याच्या कपाळावर पांढुरका चांद आहे. लहानपणी मला तो रंगवलेला वाटायचा. एका वर्षी नवा रंग देण्यासाठी पॉलिश पेपरने जुना रंग खरवडला, तर सगळा बैल उघडा पडला आणि चांद मात्र तसाच राहिला. तेव्हा कळले की सागवानात कुणीतरी शिवणीचा तुकडा बसवला होता. अशा कामाला जडावकाम म्हणतात. यंदा शाळेत येणाऱ्या पाहुण्यांना देण्याच्या भेटवस्तू बाजारातून न आणता आपणच कराव्यात असा विचार आहे, म्हणून हा पाठ.

जडावकामासाठी आपल्या देशात म्हैसूरचे नाव आधी घेतात. तिथे शिसमाच्या फळीत निरनिराळ्या रंगांच्या लाकडांचे तुकडे बसवून चित्रे करतात. त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. पूर्वी हस्तिदंत वापरीत. त्यावर बंदी आल्यावर लाकडांच्या रंगांवरच जास्त भर आला. पंजाबातल्या होशियारपूरचे जडावकामही प्रसिद्ध आहे. आपल्या मराठी मुलखात सावंतवाडीची लाकडी खेळणी नावाजलेली आहेत, पण तिथली करामत मुख्यतः रंगाची. आपण इथे रंगाचा डबा उघडणारच नाही. लाकडाचा स्वतःचा रंग वापरायचा.

आणि रंगांना आपल्याकडे तोटा नाही. सागवान सोनेरी तपकिरी, शिसम गडद, शिवण जवळजवळ साईच्या रंगाची, खैर लालसर, हळदू नावाप्रमाणे पिवळा. बीजाही सुंदर दिसतो, पण ओल लागली की त्याचा पिवळा डाग शेजारच्या लाकडाला लागतो, तेव्हा त्याला शिवणीजवळ बसवू नये. हिरवे लाकूड मात्र मिळत नाही. म्हणून आपल्या पहिल्या नमुन्यात, म्हणजे सागवानी डबीच्या झाकणावरच्या संत्र्यात, फळ हळदूचे आणि पाने शिसमाची.

आता हत्यार. ज्या करवतीने वळणे कापतात तिचे पाते केसासारखे बारीक असते. विजेवर चालणाऱ्या यंत्राला स्क्रोल सॉ म्हणतात. त्यात पाते शिलाई मशीनच्या सुईसारखे खालीवर होते, आणि आपण फळी फिरवायची. हातकरवतीचा सांगाडा इंग्रजी यू अक्षरासारखा असतो. तिच्यात पाते लावताना दाते मुठीकडे, म्हणजे खाली तोंड करून ठेवावेत. कापणी खाली ओढतानाच होते, वर नेताना नाही. हे उलटे लावून पाते मोडणारी मुले दरवर्षी चार-पाच तरी निघतात. टेबलाच्या कडेला व्ही आकाराची खाच असलेली एक पाटी शिकंज्याने घट्ट बसवायची आणि त्या खाचेत काम करायचे. वीज गेली तरी वर्ग थांबत नाही, हा हातकरवतीचा मोठा गुण.

या करवतीचा शिक्षणाशी संबंध जुना आहे. लंडनचा नकाशे कोरणारा जॉन स्पिल्सबरी याने १७६० च्या दशकात नकाशा लाकडी फळीवर चिकटवला आणि देशांच्या सीमांवरून कापला. मुलांनी तुकडे जुळवत भूगोल शिकावा हा हेतू. आपल्यालाही असे काम आहेच: २०२३ साली पांढुर्णा आणि सौसर छिंदवाड्यातून वेगळे होऊन नवा जिल्हा झाला, आणि वर्गातले कितीतरी नकाशे अजून जुनेच आहेत. पण ते पुढच्या सत्रात.

जडावातली खरी अडचण अशी. संत्रे एका फळीतून कापले आणि भोक दुसरीत वेगळे कापले, तर दोन्ही कधीच जुळत नाहीत. म्हणून दोन फळ्या एकमेकींवर चिकटवून एकदमच कापतात. फ्रान्समध्ये आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) याच्या कारखान्यात पितळ आणि कासवाची पाठ असेच एकत्र कापीत. पण पाते स्वतः थोडे लाकूड खाते. सरळ कापले तर तेवढी फट सगळीकडून राहते.

यावर तोड म्हणजे तिरके कापणे. बाटलीचे बूच आठवा. वर रुंद, खाली निमुळते. फळी थोडी कलती ठेवून कापली की वरच्या फळीतला तुकडा बुचासारखा होतो आणि खालच्या फळीच्या भोकात घट्ट बसतो. किती कलती ठेवायची? दहावीच्या मुलांनी इथे वही काढावी. पाते खाते ती रुंदी भागिले एका फळीची जाडी, हे उत्तर त्या कोनाच्या साइनइतके असते. पाते अर्धा मिलिमीटर खात असेल आणि फळ्या प्रत्येकी ६ मिलिमीटरच्या असतील, तर साइन आला एक बारांश, म्हणजे कोन पाच अंशांच्या जरा आत. फळी ३ मिलिमीटरची असेल तर कोन साडेनऊ अंशांच्या वर जातो. ज्यांना साइन अजून शिकवलेला नाही त्यांनी २४ सेंटिमीटर रुंद पाटीची एक बाजू २ सेंटिमीटर उचलून खाली पाचर द्यावी. हिशोब तोच आहे. करवत मात्र उभीच चालवायची.

हळदू वर, सागवान खाली. पाते घालायला रेषेवरच अगदी बारीक भोक पाडावे, तेही त्याच कलाने. फळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच दिशेने फिरवावी. मध्येच उलटे फिरलात तर बूच एका बाजूने उलटे होते. आधी टाकाऊ फळीवर रुपयाएवढे वर्तुळ कापून पाहा. तुकडा आरपार पडला तर कोन कमी आहे किंवा फिरवण्याची दिशा उलटी. वर उचललेला राहिला तर कोन जास्त. पाने संत्र्यानंतर, त्याच रीतीने. मग फेव्हिकॉल, रात्रभर दाब, पॉलिश पेपर आणि शेवटी चपड्याचे पॉलिश.

एक चूक माझी सांगतो. मित्राच्या लग्नात दिलेल्या पेटीत मी ओल्या आंब्याचे फूल बसवले होते. दिसायला झकास. वैशाखात पाकळ्या आक्रसल्या आणि फटी पडल्या. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आक्रसते आणि फुगते, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून लाकूड वाळलेलेच हवे, आणि तुकड्याच्या रेषा फळीच्या रेषांना समांतर असाव्यात. मित्राने ती पेटी अजून टाकलेली नाही, हे त्याचे मोठेपण.

पालकांची काळजी बोटांची असते. या करवतीने बोट खरचटते, क्वचित कापतेही, म्हणून नववीखालच्या मुलांना यंत्र द्यायचे नाही असे आम्ही ठरवले आहे. धुळीकडे मात्र कुणी पाहत नाही. लाकडाची बारीक धूळ वर्षानुवर्षे फुफ्फुसात आणि नाकात जाणे कर्करोगाला कारण ठरू शकते. तेव्हा तोंडाला मास्क आणि काम उघड्या व्हरांड्यात. विश्वस्त मंडळींना विनंती एवढीच की यंत्राची घाई नको. तेवढ्या पैशांत हातकरवती पुष्कळ येतील आणि सगळ्या मुलांचे हात चालतील. आठवड्याचा एक तास मात्र पोळ्यापर्यंत कुणी गणिताला मागून घेऊ नये. गणित यातच आहे, वर पाहिलेच.

लाकूड विकत आणायचे नाही, जंगलातून तर नाहीच. घरातल्या मोडक्या खाटेचा पाय, जुन्या चौकटीचा तुकडा, सुताराकडची छाट, जे असेल ते चित्रकलेच्या वर्गात आणून द्यावे. तुकडा हाताच्या पंजाएवढा असला तरी चालेल. खिळे तेवढे घरीच काढून आणावेत.