बदलीत आलेला एकोणचाळीसचा रुपया

धुळ्याच्या त्या संग्राहकाचं नाव मी लिहिणार नाही. त्यांनी काय केलं ते मात्र लिहिणार आहे, आणि त्यानंतर जळगावातल्या आपल्याच मंडळींनी मला काय ऐकवलं तेही. "एवढी वर्षं नाणी जमवताय, बँकेत कॅशियर होतात, आणि तुम्ही कसे फसलात?" हे वाक्य इतक्या तोंडून ऐकलं की आता उत्तर एकदाच लिहून ठेवावं म्हटलं. ज्याचं गेलं त्यालाच जाब विचारायचा आणि ज्याने नेलं त्याच्याकडे पुढच्या रविवारी नाणी बघायला जायचं, अशी आपल्या छंदात रीतच पडली आहे.

माझ्याकडून काय गेलं ते आधी सांगतो. औरंगजेबाचा बुऱ्हाणपूर टाकसाळीचा रुपया, टाकसाळीचं नाव पूर्ण उमटलेला. हाताने पाडलेल्या मोगली रुपयात ठसा मोठा आणि चांदीचा तुकडा लहान, त्यामुळे नेमकं टाकसाळीचं नाव काठावर कापलं जातं. पूर्ण नाव मिळणं हे नशीब. शिवाय खानदेशच्या माणसाला बुऱ्हाणपूर म्हणजे परकं गाव नव्हे. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला, फारुकींचं राज्य संपलं आणि पुढे दख्खनचा सगळा मोगली कारभार बुऱ्हाणपुरावरून हलू लागला. तो रुपया माझ्या आजोळच्या चांदीतून आलेला होता. त्याच्यासोबत गेला १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया. त्यात राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, नाणं मागे घेतलं गेलं आणि १९१२ पासून ठसा बदलला, तोच हा रुपया. वर मूठभर निवडक दुदांडी शिवराया दिल्या, ‘श्री राजा शिव’ स्वच्छ वाचता येणाऱ्या.

आणि बदल्यात आला १९३९ चा रुपया.

कलदार जमवणाऱ्याला या सालाचं वेड का, ते सांगायला नको. पण नवीन मुलांसाठी थोडक्यात. १८३५ पासूनचे यंत्रावर पाडलेले कलदार रुपये एक तोळा वजनाचे, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात चांदी ९१.६७ टक्के. महायुद्ध सुरू झालं आणि १९४० पासून चांदी निम्म्यावर आली. मूळच्या चांदीचा शेवटचा रुपया १९३९ चा, मुंबई टाकसाळीचा, आणि हाती लागणारा अगदी विरळा. त्याच्या आदल्या सालचा, १९३८ चा, मात्र कुठल्याही सराफाच्या डब्यात निघतो. ठसा तोच, वजन तेच, चांदी तीच. फरक एका आकड्याचा.

धुळ्याचे हे गृहस्थ माझ्यापेक्षा वयाने मोठे. सगळे त्यांना आप्पा म्हणतात, मीही म्हणायचो. माझ्या घरी जेवले होते. बदलीची गोष्ट त्यांनीच काढली, बरेच महिने लावून धरली, आणि शेवटी रुपया घेऊन ते स्वतः जळगावला आले. मी ताजवा काढला, वजन बरोबर. कड पाहिली, कंगोरे सरळ, १९४० नंतरच्या रुपयांच्या कडेला असते ती मधली खाच नाही. फरशीवर वाजवला, आवाज खणखणीत. तेवढ्यावर आप्पाच म्हणाले, चला सराफ बाजारात, टंच काढून घेऊ. "चांदी खोटी निंघनी ते माले सांगा, भाऊ." यंत्रावर टंच काढला. चांदी बरोब्बर निघाली. दुकानदारासमोर त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

आज त्या थापेचा राग सगळ्यात जास्त येतो. कारण जी परीक्षा हा रुपया हमखास पास होणार होता, तीच परीक्षा त्यांनी मला स्वतः चालवून दाखवली. नाणं खरंच होतं. सरकारी टाकसाळीत पडलेलं, पूर्ण चांदीचं, पूर्ण वजनाचं. खोटा होता फक्त शेवटचा आकडा, आणि त्या आकड्यावर नेमकं काळं साचलेलं होतं. मी रुमाल काढला तर त्यांनी माझा हात धरला. "घासू नका भाऊ, जुनी काळी आहे, किंमत जाईल." हा नियम आपण सगळेच नव्या पोरांना शिकवतो. चिंच, लिंबू, राख काही लावू नका, जुनं नाणं जसं आहे तसं राहू द्या. मी तो नियम पाळणारा माणूस आहे हे त्यांना माहीत होतं, म्हणून तोच नियम त्यांनी माझ्यापुढे आडवा घातला. याला फसवणूक म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

कळलं ते असं. अल्बममध्ये लावण्यापूर्वी मी १९३८ आणि १९३९ शेजारी ठेवून फोटो घेत होतो. सकाळची तिरपी उन्हं होती. दोन्ही सालांचे पहिले तीन आकडे सारखे दिसत होते ते ठीकच, पण चौथ्याचीही कंबर एकाच उंचीवर होती. आठाची वरची वाटोळी लहान असते, नऊची मोठी असायला हवी आणि खालपर्यंत उतरायला हवी. माझ्या नऊची वाटोळी आठाएवढीच होती. पोटात गोळा आला. त्याच रुपयाच्या सालाची, १९३९ ची, पावली माझ्याकडे होती, तिच्यातला नऊ पाहिला. तो अगदी निराळा.

तरी मनाने मानलं नाही. गोलाणी मार्केटमध्ये मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका मुलाकडे पडद्यावर दिसणारी दुर्बीण आहे. तिच्याखाली रुपया धरला. त्या मुलाला नाण्यातलं काही कळत नाही, मी त्याला काही सांगितलंही नव्हतं. त्याने पडद्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "काका, हे इथं घासेल आहे." खालच्या वाटोळीचा डावा हात कोरून काढलेला होता. भोवतालच्या चांदीवर शंभर बारीक रेघा, वापराच्या, सगळ्या दिशांच्या. आणि त्या कोरलेल्या जागी नवी, गुळगुळीत, एकाच दिशेची घासणी. वरून काळं थापलेलं. शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवलं तर त्यातलं बरंच सुटून आलं. चांदीवर वर्षानुवर्षं चढलेली काळी ॲसिटोनने सुटत नाही. रंग सुटतो.

मी लगेच फोन केला. पहिल्यांदा आप्पा हसले. म्हणाले, "देखीसन लिधं ना भाऊ! टंच काढा, वजन करा, आते काय?" दुसऱ्यांदा म्हणाले, मलाही तो असाच कुणाकडून आला, मी कुठे कोरला? तिसऱ्यांदा सूरच बदलला: मी दिलेला रुपया वेगळा होता, हा तुम्ही कुठून आणलात? म्हणजे आता चोर मी. माझा बुऱ्हाणपूर परत द्या म्हटलं तर तो ‘पुढे गेला’. कुठे गेला, कितीला गेला, काही नाही. त्यानंतर फोन उचलणं बंद. एसटीने धुळ्याला गेलो तर घरच्यांनी दारातूनच सांगितलं, ते गावी गेले आहेत. आतून खोकल्याचा आवाज येत होता.

वकिलांकडे गेलो. त्यांनी जे सांगितलं ते प्रत्येक संग्राहकाने ऐकावं. फसवून घेतलेली संमती करार कायद्याने रद्द करता येते, १८७२ च्या कायद्यापासून ही तरतूद आहे. पण समोरच्याला खोटं ठाऊक होतं हे दाखवावं लागतं. तो नुसता गप्प राहिला असेल, तर साधारण काळजी घेऊन तुम्हाला खरं कळू शकलं असतं का, हाही प्रश्न येतो. ‘बघून घेतलं ना’ हे वाक्य त्यांच्या तोंडी उगाच नव्हतं. आणि माझ्याकडे कागद काय? काहीच नाही. विकत घेतलं असतं तर पावती असती, बँकेतून गेलेले पैसे असते. बदलीत नाणं जातं, नाणं येतं, आणि मागे काहीच उरत नाही. आपल्याकडे बदली म्हणजे मैत्रीचा व्यवहार, कागद मागणं म्हणजे अविश्वास. याच समजुतीवर या लोकांची पोटं भरतात.

म्हणून पहिलं आणि सगळ्यात कामाचं: बदलीचा कागद करा. साध्या वहीच्या पानावर चालेल. दोन्ही बाजूंच्या प्रत्येक नाण्याचं वर्णन, साल, टाकसाळ, दोन दशांशांपर्यंत वजन, आणि दोघांनी ठरवलेली रुपयांतली किंमत. किंमत लिहायला माणसं लाजतात. लाजू नका, पुढे भांडण नेमकं किमतीवर येतं. ‘नाणं किंवा साल खोटं निघाल्यास अमुक मुदतीत परत’ हे एक वाक्य, तारीख, दोघांच्या सह्या. खाली दोन्ही बाजूंची नाणी त्या कागदावर ठेवून फोटो. नाण्यावरचे ओरखडे, ठोके, डाग फोटोत दिसले पाहिजेत, म्हणजे ‘हे माझं नाणंच नाही’ म्हणायला जागा उरत नाही. हा कागद करायला जो आढेवेढे घेईल त्याच्याशी बदली करू नका, तो वयाने कितीही मोठा असो.

दुसरं, नाणं खोटं कसं असू शकतं याचा विचार आधी करा आणि मग परीक्षा निवडा. शिवराई होन असेल तर धातू आणि ठसा दोन्ही तपासावे लागतात, कारण नवे ओतलेले होन बाजारात भरपूर आहेत. फोटोवरून होन कधी घेऊ नका. पण जिथे एका सालाची किंमत शेजारच्या सालाच्या अनेक पट आहे, तिथे ताजवा आणि टंच बाजूला ठेवा. तिथे आधी आकडा बघा. शेजारच्या सालाचं खरं नाणं बरोबर न्या, दोन्ही एकाच उजेडात तिरपी धरा. दहापट भिंग सराफाकडे मिळतं, महाग नाही. आकड्याभोवतीची पाटी आणि राजाच्या मानेजवळची पाटी सारखी दिसते का ते बघा. काळं एकाच जागी, तेही नेमकं सालावर असेल, तर व्यवहार तिथेच थांबवा.

बाकीचं सगळ्यांना ठाऊक असतं, तरी लिहितो. घाई करू नका. संध्याकाळी, हॉटेलच्या पिवळ्या दिव्याखाली नाणी बघू नका. घरच्या माणसाला सांगून व्यवहार करा.

मुलांसाठी आणखी दोन गोष्टी. फोनवर ‘तुमच्याकडचं जुनं नाणं लाखात घेतो, आधी कमिशन भरा’ असं सांगणारे फिरतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर करून सांगितलं आहे की ती अशा व्यवहारात नाही आणि कसलंही शुल्क घेत नाही. एक रुपयाही पाठवू नका. आणि शेतात नांगराला नाणी लागली म्हणून कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. शंभर वर्षांपुढचं नाणं परदेशी पाठवणंही १९७२ च्या कायद्याने बंद आहे.

शिकायचं असेल तर जागा जवळ आहेत. नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला १९८० मध्ये सुरू झालेली नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, डॉ. परमेश्वरीलाल गुप्त तिचे पहिले संचालक. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे, इतिहासाचार्य राजवाडे गेल्यानंतर १९२७ मध्ये उभं राहिलेलं. ज्या गावात राजवाड्यांनी कागदाच्या एकेका चिठोऱ्यासाठी जीव पाखडला, त्याच गावात बसून एक माणूस सालाचा आकडा कोरतो किंवा कोरलेला जाणूनबुजून पुढे ढकलतो, याची मला चीड येते. खोटा रुपया माझ्या कपाटात पडला म्हणून बिघडत नाही. तो उद्या एखाद्या शाळकरी मुलाच्या वहीत खरा म्हणून लिहिला गेला, तर ते नुकसान कोण भरणार?

आणि जळगावकरांना एक सांगतो. आप्पांच्या घरी जाऊन नाणी बघणं ज्याचं त्याने ठरवावं. पण माझ्यानंतरही त्यांच्याकडून बदली घेतलेले दोघे आज गप्प आहेत, आपलं नाव खराब होईल म्हणून. नाव आप्पांचं खराब व्हायला हवं, तुमचं कशाला? पुढे या, लिहून द्या, तिघांचे कागद एकत्र झाले तर पोलिसात तक्रारीला वजन येईल.

तो कोरलेला रुपया मी विकलेला नाही आणि विकणार नाही. १९३८ चा एक खरा रुपया आणि १९३९ ची पावली शेजारी ठेवून तुलनेसाठी जपला आहे. धुळे-जळगावात कुणाला बदलीत एकोणचाळीसचा रुपया देऊ केला गेला, तर हातातलं नाणं सोडण्याआधी माझ्याकडे या.