घरभाड्याचं गणित : भाड्यापलीकडचा महिन्याचा खर्च



पाचवीला बेरीज-भागाकाराचा सराव देताना घरभाड्याचं उदाहरण जरूर घ्या. गिरगाव, दादर, परळ, लालबागमध्ये घर बघताना आपण आधी भाडं विचारतो. खिशातून जाणारी रक्कम मात्र वेगळीच असते.

समजा, भाडं ३०,००० रुपये आहे. (सर्व रकमा सरावासाठी.)

दर महिन्याचा खर्च
- सोसायटीचा मेंटेनन्स : २,५००
- वीज : १,८००
- पाइप गॅस (दोन महिन्यांचं बिल १,००० ÷ २) : ५००
- इंटरनेट : ६००

बेरीज : ५,४००

एकदाच होणारा खर्च
- दलाली : ३०,०००
- कराराची नोंदणी : ३,०००
- सामानाचा टेम्पो : ५,५००

बेरीज ३८,५००. करार ११ महिन्यांचा, म्हणून ३८,५०० ÷ ११ = ३,५००.

आता ५,४०० + ३,५०० = ८,९००. म्हणजे ३० हजारांचं घर महिन्याला ३८,९०० ला पडतं! डिपॉझिट यात धरू नका. ते परत मिळतं. पण उभं मात्र आधीच करावं लागतं.

पालकांनी हे तपासावं

१. जुन्या चाळीत लिफ्ट नाही, वॉचमन नाही. शेजारच्या टॉवरमध्ये लिफ्ट, पंप, जनरेटर सगळं असतं, म्हणून मेंटेनन्स वाढतो. तो घरमालक भरणार की आपण, हे करारात लिहून घ्या.

२. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी घरमालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेते. १ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. सेवाशुल्क २,००० असेल तर जास्तीत जास्त २०० रुपये. कोणी यापेक्षा जास्त मागितलं, तर सोसायटीचं बिल बघायला मागा.

३. बेस्टच्या वीजबिलात वापर शून्य असला तरी स्थिर आकार असतोच. शिवाय पहिल्या १०० युनिटनंतर पुढच्या युनिटचा दर वाढतो.

शाळेशी संबंध काय?

१ जूनला सुरू झालेला करार ३० एप्रिलला संपतो, दुसरा ३१ मार्चला आणि तिसरा फेब्रुवारीअखेर, म्हणजे ऐन परीक्षेच्या तोंडावर. हिशेब आधी केला नसेल तर घर तेव्हाच सोडावं लागतं आणि मुलाची शाळाही सुटते. म्हणून नूतनीकरणाचं बोलणं दिवाळीनंतर लगेच सुरू करा.

गृहपाठ : मुलांना घरचं एक वीजबिल आणू द्या. त्यातला स्थिर आकार आणि युनिट शोधायला सांगा. घरचं भाडं मात्र वर्गात विचारू नका. रकमा आपणच द्याव्यात.